साच्यावरची माणसे आणि त्यांची जूट

सात रस्त्यावर भरलेल्या या सभेत ज्यांच्या घरातील कोणी ना कोणी एके काळी गिरणीच्या भोंग्यावर उठत असे, अशी मंडळी थोडीथोडकी नसतील. १८७७ साली जुनी गिरणी उभी राहिली. तिच्यामागून नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू या गिरण्या आल्या आणि सोलापूर हे गिरणगाव झाले. या गिरण्यांचा इतिहास बहुधा मालकांच्या नावांनी नाहीतर संपांच्या तारखांनी सांगितला जातो. आम्हांला मात्र आज निराळीच गोष्ट विचारावयाची आहे. पोटासाठी एका खात्यात येऊन उभी राहिलेली पाचपन्नास माणसे एक जूट कधी होतात, आणि कधी होत नाहीत?

कापड ही एकट्याच्या हातची वस्तू नव्हे. कापूस पिंजण्यात कसर राहिली तर सूत कच्चे निघते, सूत कच्चे निघाले की ताणा तुटतो आणि ताणा तुटला की साचा थांबतो. साचेवाल्याची मजुरी कापडावर, म्हणून भुर्दंड त्याला. चूक कोठे झाली हे शोधावयास त्याला सवड नाही. मग तो सूतखात्याच्या नावाने बोटे मोडतो. कामाने माणसे एकमेकांत गुंतलेली आणि मनाने एकमेकांवर उखडलेली, अशी ही स्थिती होती.

त्यांना एकत्र बांधणारा पहिला माणूस म्हणजे मुकादम, गिरणीच्या बोलीत जॉबर. तो गावाकडून माणसे आणी, त्यांना कामावर लावी, अडीनडीला उसने देई आणि त्याबद्दल दस्तुरी घेई. सकाळी दरवाजाशी उभ्या असलेल्या बदलीवाल्यांतून कोणाला आत घ्यावयाचे हे तोच ठरवी. त्याची टोळी भक्कम असे यात शंका नाही. पण ती त्याची टोळी होती, कामगारांची नव्हे. जॉबर फिरला की टोळी फिरे.

ही गाठ पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर सैल झाली ती मुंबईत, १९२८ साली. विणकराने दोनांऐवजी तीन साचे चालवावे, अशा धर्तीच्या योजना मालकांनी पुढे आणल्या, आणि त्या एप्रिलात सुरू झालेला दीड लाख कामगारांचा संप ऑक्टोबरपर्यंत चालला. संप चालू असतानाच मे महिन्यात गिरणी कामगार युनियन निघाली. तिचे सभासद प्रारंभी ३२४ होते. डिसेंबरात ते ५४,००० झाले. लोक हा आकडा पाहून थक्क होतात. आमच्या मते त्याहून मोठी गोष्ट म्हणजे गिरणी समित्या. खात्याखात्यांतून माणसे निवडून आली, वर्गणी तीच गोळा करू लागली, तक्रार घेऊन तीच साहेबापुढे जाऊ लागली. जॉबरच्या मध्यस्थीवाचून बोलता येते, हे कामगाराने स्वतः बोलून पाहिले. मार्च १९२९ मध्ये पुढाऱ्यांना मीरत खटल्यासाठी पकडून नेले आणि त्याच एप्रिलात पुकारलेला दुसरा सार्वत्रिक संप फसला. समित्या लढ्यात तयार झाल्या होत्या, रोजच्या कामात मुरावयास त्यांना वर्षही मिळाले नव्हते.

आणि त्या एकीत एक भोक होते. धोट्याच्या छिद्रातून सूत तोंडाने ओढून काढावे लागे, त्यामुळे विटाळाच्या समजुतीने अस्पृश्य मानलेल्या कामगाराला साचेखात्यात प्रवेश नव्हता. मजुरी तेथेच अधिक! डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न १९२८ च्या संपातच रोखठोकपणे पुढे ठेवला. पुढाऱ्यांनी ती मागणी आढेवेढे घेत यादीत घातली, तेव्हा हा अन्याय असेल तर तो आम्ही केलेला नाही, असे मालकांनी उत्तर दिले. आणि ते उत्तर खोडून काढणे कठीण होते. शेजाऱ्याला बाहेर ठेवून जी जूट होते ती तेवढ्यापुरतीच खरी.

आमच्या गावालाही हे परके नव्हते. येथे गुन्हेगार ठरविलेल्या जमातींची वसाहत होती. तारेच्या कुंपणातली माणसे हजेरी देऊन गिरणीत कामाला जात. इतर कामगाराचा संप म्हणजे बुडालेला पगार. ज्याच्या हजेरीवर सरकारचा पहारा, त्याच्या संपाला याहून निराळी किंमत होती. ती जमेस न धरता त्याच्यावर फितुरीचा शिक्का मारणे सोपे असते. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. उलट मे १९३० मध्ये, महात्माजींच्या अटकेनंतर, गिरण्यांतली माणसे गावाबरोबर रस्त्यावर उतरली आणि सोलापुरात लष्करी कायदा आला. जानेवारी १९३१ मध्ये फासावर गेलेले मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा, ही चार नावे चार घरांतली आहेत, हे सांगावयास नकोच.

आता थोडे अहमदाबादकडे वळू. तेथील कॅलिको गिरणीत १९५३ साली ए. के. राइस नावाचे इंग्रज संशोधक आले. एका खात्यात २२४ स्वयंचलित साचे होते, त्यांवर २९ माणसे, आणि प्रत्येकाचे काम तुकड्यातुकड्यांनी वाटलेले: कोणी कांड्या भरणारा, कोणी तुटलेले तार जोडणारा. एका साच्याला अनेक धनी, म्हणजे कोणीच नाही. राइस यांनी सुचविले की थोडे साचे एका लहान गटाकडे पूर्णपणे सोपवावे. सूचना कानी पडताच कामगारांनी आपले गट आपणच पाडले. काही दिवस काम घसरले, मग सावरले. उत्पादन वाढले, खराब माल घटला. सतराएक वर्षांनी पुन्हा पाहणी झाली तेव्हा एका खात्यात ही पद्धत जवळजवळ तशीच टिकून होती, इतरत्र मात्र ती विसकटली होती. यात मालकाचाही फायदा होता, म्हणून आमच्या काही मित्रांना ही गोष्ट आवडत नाही. आम्हांला ती आवडते. फक्त वाढलेल्या मालातला वाटा कामगाराला किती, हे त्याच बैठकीत ठरले पाहिजे.

आता त्या गिरण्या बंद आहेत, आणि आमचे काम टॉवेल-चादरीच्या यंत्रमागांवर. तेथे भांडण जुनेच: दिवसपाळीने अर्धा सोडलेला टॉवेल रात्रपाळीत डागी निघाला तर कापणी कोणाच्या मजुरीतून? एका कारखान्यात विणकरांनी आपसांत ठरविले की पाळी सुटताना किनारीला रंगीत दोरा बांधावा आणि दोघांनी मिळून कापड पाहावे. दोरा बांधणे आठवड्यात अंगवळणी पडले. कांड्या भरणाऱ्या बायांना या बैठकीत बसवावे की नाही, यावर मात्र पुढच्या दोन बैठका गेल्या. शेवटी रात्री नऊची बैठक पाळी बदलण्याच्या वेळेवर आणली, कारण त्या वेळी बाया कारखान्यातच असतात.