कवडीमोल

'कवडीमोल' आपण सहज म्हणतो. पण कवडी म्हणजे एका छोट्या समुद्री गोगलगायीचं कवच. मालदीवहून येई आणि ओडिशात चलन म्हणून चाले. १७५१ ते १८०३ तिथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता, आणि साराही कवड्यांत भरता येई. ४ कवड्यांचा गंडा, २० गंड्यांचा पण, १६ पणांचा काहाण, ४ काहाणांचा रुपया. मी इंजिनिअर, लगेच गुणाकार केला: ५,१२० कवड्या! कवडी ग्रॅमभराची धरली तरी रुपयाचं ओझं पाच किलो. पुढे कंपनीने सारा चांदीत मागितला. कवडीचा भाव पडला, रयत नाडली गेली. १८१७ च्या पाइक उठावामागे हेही एक कारण होतं. त्याआधी कवड्या मोजून घेणारे आपलेच लोक होते, हेही नोंदवायला हवं.