पॅरिसचा वेढा आणि साखरेचा आजार

सप्टेंबर 1870 मध्ये प्रशियाच्या फौजांनी पॅरिसला वेढा घातला आणि जानेवारी 1871 च्या अखेरपर्यंत तो उठला नाही. शहरात आधी घोडे कापले गेले, मग मांजरे आणि उंदीर बाजारात आले. प्राणिबागेतले कॅस्टर आणि पोलक्स हे दोन हत्तीही खाटकाकडे गेले. जानेवारीत माणशी रोजचा पाव 300 ग्रॅमवर आला, आणि तोही कोंडा, पेंढा मिसळलेला.

याच शहरात अपोलिनेर बुशार्दा नावाचे वैद्य होते. औषधशास्त्रात मुरलेले, पॅरिसच्या वैद्यकीय विद्याशाखेत आरोग्यशास्त्राचे प्राध्यापक. मधुमेहाच्या रुग्णांना ते बरीच वर्षे पाव आणि पिठूळ पदार्थ कमी करायला सांगत होते. ऐकणारे थोडेच. वेढ्यात ऐकण्या-न ऐकण्याचा प्रश्नच उरला नाही, आणि त्यांच्या काही रुग्णांच्या लघवीतून साखर नाहीशी झाली. उपासमारीने शहर खंगत असताना हे रुग्ण मात्र सुधारले, ही नोंद विचित्र होती. बुशार्दांनी ती गंभीरपणे घेतली. कमी खा, अंग मोडून कष्ट करा, अधूनमधून उपास करा, लघवी रोज तपासा, असा त्यांचा उपचार ठरला. त्यांचा मोठा ग्रंथ 1875 मध्ये आला.

आजार अर्थातच फार जुना. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे दोन प्रकार आहेत, एक जन्मजात आणि दुसरा अपथ्याने होणारा. पहिल्यातला रोगी कृश, दुसऱ्यातला स्थूल. उपचार सांगताना निर्धन रोग्याला अनवाणी, छत्रीविना, भिक्षेवर जगत शंभर योजने चालायला सांगितले आहे, कुणाला शेत नांगरायला, कुणाला विहीर खणायला. ग्रीकांनी त्याला नाव दिले, ते अरबीत 'दियाबीतस' झाले आणि हकिमांच्या उर्दूत 'झियाबेतुस'. इब्न सीनाच्या 'अल-कानून'मध्ये तो आहे. अब्दुल लतीफ बगदादी (1162-1231) यांनी तर या एकाच आजारावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. आपल्याकडे मोबाईलवर फिरणारे "सगळे आधी आपल्याच हकिमांनी शोधले" छापाचे संदेश मला आवडत नाहीत. वैद्यकात आधी कोण, याला फारसा अर्थ नसतो. पुढच्याने मागच्याचे काय केले, याला असतो.

बुशार्दांच्या पुढच्यांनी त्यांचा धडा अर्धाच उचलला. अमेरिकेत फ्रेडरिक अॅलन यांनी 1914 च्या सुमारास उपासमारीचा उपचार सरसकट सुरू केला, मुलांनाही. साखर खाली येई, काही महिने आयुष्य वाढे, आणि मूल हाडांचा सापळा होऊन मरे. 11 जानेवारी 1922 रोजी टोरांटोत इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन मिळालेला लिओनार्ड थॉम्पसन 14 वर्षांचा होता. त्याचे वजन होते जेमतेम 29 किलो. ज्याच्या शरीरात इन्सुलिनच तयार होत नाही, त्याला उपाशी ठेवून काय मिळणार? हा फरक 1936 मध्ये हॅरल्ड हिम्सवर्थ यांनी प्रयोगाने दाखवला: काही रुग्णांना इन्सुलिन चटकन लागू पडते, काहींचे शरीर त्याला दाद देत नाही. आज आपण टाइप 1 आणि टाइप 2 म्हणतो, ती वाटणी तिथून रुजली.

इन्सुलिन आणि नंतरच्या गोळ्यांच्या काळात वजनाचा मुद्दा मागे पडला. टाइप 2 म्हणजे कायम वाढत जाणारा आजार, हे गृहीतच धरले गेले. 2011 मध्ये न्यूकॅसलचे रॉय टेलर यांनी 11 जणांना आठ आठवडे रोज सुमारे 600 कॅलरींवर ठेवले. आठवड्याभरातच उपाशीपोटीची साखर सामान्य झाली, कारण यकृतातली चरबी झपाट्याने उतरली; स्वादुपिंडातली हळूहळू. मग 'डायरेक्ट' हा मोठा अभ्यास झाला. आजार होऊन सहा वर्षांच्या आत असलेल्या, इन्सुलिन न घेणाऱ्या सुमारे 300 जणांपैकी निम्म्यांना तीन ते पाच महिने रोज साधारण 850 कॅलरी दिल्या. वर्षअखेर त्यांच्यातल्या 46 टक्के लोकांची साखर औषधाविना मधुमेहाच्या रेषेखाली होती. 15 किलो किंवा अधिक घटवलेल्यांत 86 टक्के. दुसऱ्या वर्षी मात्र 46 चे 36 झाले, कारण वजन परतले की साखरही परतते. 'मधुमेह मुळापासून घालवा' म्हणणारे जाहिरातदार हा दुसरा आकडा सांगत नाहीत.

"पण आमच्यात कोण लठ्ठ आहे?" हा प्रश्न आपल्या घरांतून हमखास येतो. त्याचे उत्तर पुण्यात सापडते. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापले गेले. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचा सारखाच, 22.3. अंगातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या अभ्यासातही, इंग्लंडमधल्या बाळांच्या मानाने आपली बाळे हलकी, पण अंगावर चरबी राखून असलेली दिसली. म्हणून शिडशिडीत माणसालाही पोटाचा घेर मोजावा लागतो. टेलर यांच्या पुढच्या अभ्यासात फारसे जाड नसलेल्या 20 पैकी 14 जणांचा मधुमेह दहाएक टक्के वजन घटवल्यावर मागे हटला. तरी आपल्याकडे कुणी चार किलो उतरले की नातलग विचारतात, "काय रे, तब्येत बरी नाही का?" खात्यापित्या घरची खूण म्हणजे पोट, ही समजूत औषधापेक्षा चिवट आहे.

रमजानचे काय? 13 मुस्लिम देशांतल्या 12,243 रुग्णांच्या 'एपिडायर' अभ्यासात निम्म्याहून अधिक जणांचे वजन महिन्याभरात ना घटले ना वाढले. दिवसभराचा रोजा इफ्तारच्या भजी, शरबत आणि खजुरांनी भरून निघतो, एवढाच त्याचा अर्थ. आणि टाइप 2 च्या रुग्णांत साखर धोकादायकरीत्या घसरण्याचे प्रसंग सुमारे साडेसात पटींनी वाढले. कुरआनने आजाऱ्याला सवलत दिलेली आहे. ती वापरणारा कमी धार्मिक ठरत नाही. ज्याला रोजे धरायचेच आहेत, त्याने रमजानच्या महिना-दोन महिने आधी डॉक्टरांना भेटून इन्सुलिनच्या आणि साखर उतरवणाऱ्या गोळ्यांच्या मात्रा व वेळा बदलून घ्याव्यात. बोट टोचून साखर तपासल्याने रोजा मोडत नाही. ती 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेली, तर मगरिबची वाट न पाहता रोजा सोडावा.