अखेरचे वेतन, थकलेले (घनसावंगी तालुका)

नोकरी सुटताना किंवा हंगाम संपताना कामगाराचे जे पैसे निघतात आणि मालक जे देत नाही, ते थकलेले अखेरचे वेतन. काम केलेल्या दिवसांचा पगार, ओव्हरटाइम, साठलेल्या रजेचे पैसे, बोनस आणि पात्रता असेल तर ग्रॅच्युइटी हे सारे त्यात येते. जालना जिल्ह्यात याला सरसकट ‘हिशोब’ म्हणतात. कंपनीत गेलेली मुले ‘फुल अँड फायनल’ म्हणतात.

घनसावंगी तालुक्यात हा प्रश्न मुख्यतः दोन वाटांनी येतो. तालुक्यातील तरुण जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत सळ्यांच्या रोलिंग मिलमध्ये, बियाणे कंपन्यांच्या गोदामांत, दुकानांत, सुरक्षारक्षक म्हणून कामाला जातात. त्यांचा शेवटचा महिना अडकतो. दुसरी वाट ऊसतोडीची. गोदाकाठामुळे तालुक्यात ऊस आहे, तीर्थपुरीला साखर कारखाना आहे; तरीही मराठवाड्यातील हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात फडावर जातात. त्यांचा हिशोब पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर मार्च-एप्रिलमध्ये होतो, आणि कित्येकदा त्यात मिळण्याऐवजी देणेच निघते.

कायदा. वेतन संहिता, २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि १९३६ चा वेतन प्रदान अधिनियम तिच्यात विलीन झाला. जुन्या कायद्याला महिना २४,००० रुपयांची मर्यादा होती. संहितेत ती नाही, त्यामुळे शिपाई आणि व्यवस्थापक दोघेही तिच्या कक्षेत येतात. कामावरून काढले, कामगारकपात झाली, राजीनामा दिला किंवा आस्थापना बंद पडली, यांपैकी काहीही घडले तरी वेतन दोन कामाच्या दिवसांत दिले पाहिजे. १९३६ च्या कायद्यात ही दोन दिवसांची मुदत मालकाने काढले तरच होती. राजीनामा देणाऱ्याला तिचा आधार नव्हता. ‘पुढच्या महिन्याच्या पगारासोबत पाहू’ या उत्तराला आता कायद्याचा टेकू उरलेला नाही.

मागचा इतिहास येथे सांगण्याजोगा आहे. ब्रिटिश हिंदुस्थानात १८५९ चा एक कायदा उचल घेऊन काम सोडणाऱ्या कामगाराला तुरुंगात टाकत असे. पगार बुडवणाऱ्या मालकासाठी तसा कायदा नव्हता. १८५९ चा कायदा १९२५ मध्ये रद्द झाला. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील शाही कामगार आयोगाचा अहवाल १९३१ मध्ये आला आणि त्यातून १९३६ चा अधिनियम उभा राहिला. घनसावंगी तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. तेथे हा कायदा पोचला तो संस्थान भारतात आल्यावरच. मालकाची उचल आधी आणि मजुराची मजुरी नंतर, हा क्रम कागदावर बदलला. फडावर तो फारसा बदललेला नाही.

ऊसतोडीचा हिशोब. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मजूर जमवणारा मुकादम हंगामाआधी कोयत्यामागे उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो. कारखाना मुकादमाशी किंवा वाहतूकदाराशी करार करतो, कोयत्याशी नाही. तोडलेल्या टनांवर मजुरी धरतात. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि कामगार संघटना यांच्यातील समझोत्यात तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली. टनांची नोंद वजनकाट्याच्या पावतीवर असते आणि ती पावती सहसा मुकादमाकडे राहते. हंगामाअखेर उचल, खाडा (गैरहजर दिवसाची कपात), किराणा, दवाखाना वजा होऊन जे उरते ते, उरलेच तर, कोयत्याला मिळते.

यातील खाड्याकडे कायद्याच्या नजरेतून पाहावे. गैरहजेरीबद्दल कपात करता येते ती गैरहजेरीच्या प्रमाणातच. टनावर काम करणाऱ्याची त्या दिवसाची मजुरी आपोआपच बुडालेली असते, म्हणून वरून घेतलेला खाडा हा दंड ठरतो. दंड त्या वेतनकाळातील वेतनाच्या तीन टक्क्यांहून अधिक घेता येत नाही आणि तो लावण्याआधी कामगाराचे म्हणणे ऐकावे लागते. सर्व कपाती मिळून वेतनाच्या निम्म्यापलीकडे जाऊ शकत नाहीत. कामावर येण्याच्या प्रवासखर्चासाठी दिलेली आगाऊ रक्कम तर वसूलच करता येत नाही. हे नियम लागू केले तर कित्येक मुकादमांच्या वह्या नव्याने लिहाव्या लागतील.

मालक कोण, हा नेहमीचा वाद. कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो, मुकादम म्हणतो कारखान्याने माझेच बिल थकवले. संहितेत ‘मालक’ या व्याख्येत कंत्राटदारही येतो. त्याने दिले नाही तर आस्थापनेचा धनी जबाबदार राहतो. म्हणून अर्जात दोघांनाही सामनेवाले करावे.

दाद कशी मागावी. प्रथम लेखी मागणी : कामाचे दिवस, दर, मिळालेली आणि राहिलेली रक्कम लिहून पोचपावतीच्या टपालाने पाठवावी, व्हॉट्सॲपवरही टाकावी, कारण मालकाचे ‘बघतो, पुढच्या आठवड्यात’ हे उत्तर काम केल्याची कबुलीच असते. त्याने भागले नाही तर जालन्याच्या सरकारी कामगार अधिकाऱ्यांच्या कार्यालयात तक्रार द्यावी. बरीच प्रकरणे तेथील एका नोटिशीवर मिटतात. पुढचा टप्पा संहितेखालील प्राधिकरणापुढे दावा. तो कामगार, त्याची संघटना किंवा निरीक्षक दाखल करू शकतो. मुदत तीन वर्षांची आहे. पूर्वी ती बारा महिन्यांची होती. प्राधिकरण थकबाकीखेरीज तिच्या दहापटींपर्यंत भरपाई देऊ शकते आणि निकाल तीन महिन्यांत लावण्याचा प्रयत्न करावा असे कायदा म्हणतो. आदेशानंतरही पैसे आले नाहीत तर वसुलीचा दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते.

पैसे दिल्याचे सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो. पण आपण तेथे कामाला होतो, हे आधी कामगाराला दाखवावे लागते, आणि रोखीने पगार घेणारे तेथेच अडकतात. हजेरी कार्ड, गेटपास, बँक पासबुक, ठेकेदाराचे मेसेज, सोबत काम करणाऱ्याचा जबाब, यातले काहीही चालते. ऊसतोड कामगाराने वजनकाट्याच्या पावतीचा रोज फोटो काढून ठेवला तर अर्धे काम झाले. कोऱ्या व्हाउचरवर किंवा ‘सर्व हिशोब पूर्ण मिळाला’ अशा मजकुरावर पैसे हातात येण्याआधी सही वा अंगठा देऊ नये.

पोलीस ठाण्यात नुसत्या थकलेल्या पगाराची तक्रार सहसा टिकत नाही. मारहाण, धमकी, डांबून ठेवणे असेल तर जरूर द्यावी. उचल फिटेपर्यंत माणसाला किंवा त्याच्या घरच्यांना अडवून ठेवले, तर प्रकरण वेतनाचे न राहता वेठबिगारीचे होते : १९७६ च्या कायद्याने असे कर्जच नष्ट होते आणि दाद जिल्हाधिकारी वा उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे मागायची असते. किमान वेतनाहून कमी पैशात करून घेतलेले काम ही सक्तीची मजुरीच, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ च्या एशियाड कामगारांच्या खटल्यात म्हटले आहे.

ग्रॅच्युइटी साधारणपणे पाच वर्षांच्या सलग नोकरीनंतर, दरवर्षी पंधरा दिवसांच्या वेतनाप्रमाणे मिळते. साखर कारखान्यासारख्या हंगामी आस्थापनेत हंगामाला सात दिवस धरतात. ती तीस दिवसांत द्यावी लागते, उशिरावर व्याज चढते. भविष्य निर्वाह निधी मालकाच्या हातात नसतो; त्याने नोकरी सोडल्याची तारीख भरली नाही तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी कामगार ती स्वतः पोर्टलवर नोंदवू शकतो.

स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो; विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक १५१०० आहे. कोयत्यातील बाईने स्वतःच्या नावाने अर्ज करावा, कारण उचल आणि हिशोब बहुधा नवऱ्याच्या नावावर लिहिलेला असतो आणि तिच्या मजुरीची नोंद कुठेच सापडत नाही. काम सांगली, कोल्हापूर किंवा बेळगावकडे झाले असेल, तर वसुलीचा दाखला कारखाना ज्या जिल्ह्यात आहे तेथील जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. गावी परतल्यावर तिकडे हेलपाटे घालणे परवडत नाही, म्हणून तक्रार फड सोडण्याआधीच तिकडच्या कामगार कार्यालयात द्यावी आणि पोच घेऊनच गाडीत बसावे.