कलाबत्तू आणि गळावरची माशी

बऱ्हाणपूर हे नाव उच्चारताच मराठी वाचकास असीरगड आठवतो, तापीचे घाट आठवतात आणि १६३१ साली याच नगरीत देह ठेवलेली मुमताजमहल आठवते. परंतु या नगरीची थोरवी राजवाड्यांपेक्षा कारागिरांच्या बोटांत अधिक होती, असे आम्हांस वाटते. बुधवारा, इतवारा, शनवारा अशी वारांची नावे मिरविणाऱ्या तिच्या वस्त्या आजही नांदत्या आहेत. सतराव्या शतकात येथून गेलेल्या ताव्हेर्निये या फ्रेंच प्रवाशाने येथील तलम वस्त्रांची आणि त्यांतील सोन्यारुप्याच्या पट्ट्यांची वाखाणणी केली आहे. इराण, तुर्कस्तान व पोलंड येथपर्यंत हा माल जात असे.

ही तार सिद्ध होण्याची रीत मोठी चिकाटीची. रुप्याच्या कांबीवर सोन्याचा पातळ पत्रा चढवावयाचा. मग ती कांब जंत्रीच्या एकाहून एक बारीक छिद्रांतून ओढीत केसाइतकी सूक्ष्म करावयाची. ती ठोकून चपटी केली की झाला बादला, आणि बादला रेशमाच्या धाग्यावर सारख्या ताणाने गुंडाळला की झाले कलाबत्तू. देवाच्या शेल्यावर जी झळाळी आपण डोळे भरून पाहतो, तिच्यामागे हा ताण आहे. तो किंचित ढिला पडला तर धागा उघडा पडतो. किंचित वाढला तर तुटतो.

याच क्रियेचे एक धाकटे भावंड फार दूर, युरोपातील नद्यांच्या काठी वाढले. लोखंडी गळावर रेशीम, पीस आणि चपटी चकचकीत तार गुंडाळून पाण्यावरील किड्याची प्रतिमा करावयाची आणि तिने मासा भुलवावयाचा. या प्रतिमेस तिकडे 'माशी' म्हणतात. माशीने मासा धरण्याचा हा योग मराठी कानास गमतीचा वाटेल. इसवी सन २०० च्या सुमारास ईलियन या ग्रंथकाराने मॅसिडोनियातील कोळी गळावर तांबडी लोकर गुंडाळून त्यास कोंबड्याची दोन पिसे बांधीत, असे लिहिले आहे. इंग्लंडात १४९६ साली छापलेल्या एका ग्रंथात अशा बारा माश्यांची वर्णने आहेत.

देवालयाच्या छायेत वाढलेल्या आमच्या वाचकांस या गोष्टीचे प्रयोजन काय, असा प्रश्न कोणी करील. त्यास आमचे उत्तर असे की, हा विषय आपणांस परका नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ११२९ च्या सुमारास रचलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथात मत्स्यविनोदाचे स्वतंत्र प्रकरण आहे. माशांच्या जाती, त्यांची वसतिस्थाने, त्यांचे खाद्य आणि गळ टाकण्याची रीत यांचा विचार त्यात केला आहे. पुढे हिंदुस्थानातील गळाच्या मासेमारीवर हेन्री सुलिव्हन टॉमस या मद्रास इलाख्यातील अधिकाऱ्याने लिहिलेला प्रसिद्ध इंग्रजी ग्रंथ १८७३ साली छापला गेला तो मंगळुरास, म्हणजे कोंकणी भाषेच्या अंगणातच.

आता ज्यास ही माशी स्वतः बांधावयाची आहे, त्याने आरंभी काय घ्यावे? दुकानदार शंभर वस्तू पुढे मांडील. इतिहास मात्र चारपाचच सांगतो. पूर्वी कारागीर गळ बोटांतच धरून माशी बांधीत. शेगडा एकोणिसाव्या शतकात रूढ झाला. नवशिक्याने लहान पण पक्क्या पकडीचा शेगडा घ्यावा. त्यात धरलेला गळ रेशीम ताणताना हलता कामा नये. दुसरी बारीक टोकाची धारदार कात्री. तिने तार कापू नये, नाहीतर पिसासाठी ती निकामी होते. तिसरी रिळ धरणारी नळी. तिचे तोंड गुळगुळीत हवे, खरबरीत असेल तर धागा तुटतो. चौथा पिसाचे टोक धरण्याचा लहान चिमटा. पाचवी एक दाभण, आणि सोबत मेणाचा खडा. मेण लावलेला धागा घसरत नाही, हे आपल्याकडील चांभार व पटवे पूर्वीपासून जाणतात. रंगीबेरंगी साहित्याचा मोह मागाहून. धाग्याचा सारखा ताण हाच खरा विद्यारंभ होय, आणि कलाबत्तू वळणाऱ्याची विद्याही तीच होती.

पिसांच्या बाबतीत मात्र विवेकाचा प्रश्न आहे. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजांच्या सामन माशांसाठी बांधलेल्या माश्या फार नटव्या असत, आणि त्या नटवेपणाची किंमत आमच्या रानांनी मोजली. सह्याद्रीतील राखी रानकोंबड्याच्या मानेवरील मेणचट ठिपक्यांची पिसे विलायतेत अतोनात प्रिय झाली. आज हा पक्षी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या छत्राखाली आहे. पाळीव कोंबड्याचे पीस आणि रंगविलेली लोकर यांनी नवशिक्याचे सर्व काम भागते. ईलियनच्या कोळ्यांनाही याहून अधिक लागले नव्हते.

शेवटी गळाचा विचार. तापी व नर्मदा यांच्या पाण्यात महाशीर नांदत आला आहे. मध्य प्रदेशाने २०११ साली त्यास राज्याचा मासा म्हणून मान दिला, परंतु धरणांनी अडलेल्या नर्मदेत तो विरळ होत चालला आहे. महाड तालुक्यातील वाळण कोंडीत वरदायिनी देवीच्या नावाने लोक त्यास अभय देतात, खाऊ घालतात. जेथे देवाने पाणी राखले आहे, तेथे गळ नेऊच नये. अन्यत्र ज्यास हा छंद करावयाचा असेल, त्याने उलट्या काट्याचा गळ न घेता साधा घ्यावा, म्हणजे मासा फारशी इजा न होता पुन्हा पाण्यात सोडता येतो. साधनांच्या यादीत ही निवड आम्ही पहिली मानतो.

बऱ्हाणपूरच्या कारागिराने सोन्याची तार ओढली ती बहुधा दुसऱ्याच्या अंगावर शोभण्यासाठी. आपल्या बोटांतील कौशल्य कोणासाठी खर्चावयाचे, हा प्रश्न त्यास क्वचितच विचारला गेला असेल. आपणांस तो विचारता येतो. माशी बांधणाऱ्याने पहिला वेढा घालण्यापूर्वी तो स्वतःस विचारावा, एवढेच आमचे मागणे आहे.