बर्फाविना ओंडके : खानदेशचे सागवान रानातून बाहेर कसे येत असे?

पारोळ्याचा भुईकोट किल्ला म्हटला की झाशीच्या नेवाळकर घराण्याची आठवण निघते. किल्ला १७२७ च्या सुमारास हरि सदाशिव दामोदर या जहागीरदाराने उभारला, असे सांगितले जाते. खंदक, तट आणि बुरूज यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. या धाग्याचा प्रश्न दगडाचा नसून लाकडाचा आहे.

जुन्या खानदेशी घराचे मोजमापच लाकडाने होई. घर किती 'खणां'चे, असे विचारीत. खण म्हणजे दोन खांबांमधले, तुळईने पेललेले अंतर. वर मातीचे जड धाबे असल्याने तुळई कच्ची चालत नसे. पण पारोळ्याभोवती काळ्या मातीची सपाट शेते आहेत. थोराड सागाची राने दूर उत्तरेस सातपुड्यात आणि पश्चिमेस नवापूर-डांगच्या डोंगरांत.

आता थोडा हिशेब. पाच मीटर लांब आणि अर्धा मीटर व्यासाचा ओंडका म्हणजे सुमारे एक घनमीटर लाकूड. ताजे तोडलेले असेल तर वजन एक टनाच्या आसपास. झाड पाडायला कुऱ्हाड आणि दोन माणसे पुरतात. खरी कसोटी त्यानंतर, ओंडका रानाबाहेर काढताना.

कॅनडा, फिनलंड, अमेरिकेतील मिशिगन येथे ही कसोटी हिवाळा सोपी करी. दलदल गोठे, खाचखळगे बर्फाने बुजत आणि घसरगाडीला घर्षण जवळपास उरत नसे. मिशिगनमध्ये तर रात्री वाटेवर पाणी शिंपडून मुद्दाम बर्फाचे रूळ तयार करीत. त्यावरून घोड्यांची एक जोडी एरवी अशक्य वाटेल एवढा भार ओढी. वसंतात बर्फ वितळून नद्या फुगल्या की तेच ओंडके प्रवाहात सोडले जात.

खानदेशात बर्फ नाही. तोरणमाळ किंवा अक्कलकुव्याकडील डाबच्या पठारावर एखाद्या पहाटे दव गोठते आणि त्याची बातमी होते, इतकेच. तरीही लाकूडवाहतुकीचा हंगाम येथेही थंडीपासूनच सुरू होई. कारण मात्र नेमके उलटे आहे. तिकडे पाणी गोठल्यामुळे वाट होई, इकडे पाणी आटल्यामुळे.

पावसाळ्यात काळी माती चाक गिळते. भरलेली गाडी आखापर्यंत रुतली की दोनाच्या जागी चार बैल जुंपूनही ती निघेलच असे नाही. नाले भरलेले, डोंगरउतार निसरडे. दिवाळीनंतर जमीन आवळू लागते, नाल्यांना उतार मिळतो, गवत वाळते. पौष-माघात वाट कडक होते आणि जवळपास जून उजाडेपर्यंत तशी राहते. लाकूड अंधाऱ्या पक्षात तोडावे, म्हणजे कीड लागत नाही, अशीही एक समजूत होती. ती खरी की खोटी हा वेगळा वाद, पण तोडीचे दिवस ती ठरवी.

काम दोन टप्प्यांत चाले. बुंध्यापासून गाडीवाटेपर्यंत साखळी किंवा दोर बांधून बैलांनी ओंडका फरफटत न्यायचा. कधी त्याचे एक टोक चाकांच्या आखाला टांगायचे, म्हणजे तेवढे जमिनीत रुतत नसे. पुढे गाडी. उतारावर सर्वांत मोठी भीती ओढण्याची नव्हे, थोपवण्याची असे. मागून ओंडक्याचा रेटा आला की बैल कोलमडत.

नदीतून का सोडत नसत, असा प्रश्न साहजिक आहे. ताजे सागवान इतके जड असते की ते नीट तरंगत नाही. ब्रह्मदेशात म्हणून सागाच्या बुंध्याभोवती साल व बाहेरचे लाकूड गोलाकार कापून झाड दोन-तीन वर्षे उभेच वाळवीत. मग हत्ती ते प्रवाहापर्यंत नेत आणि पावसाळ्यातील पुरात ते इरावतीकडे निघे. खानदेशात हत्ती नव्हते, आणि ज्या महिन्यांत रानात शिरता येई त्याच महिन्यांत नद्यांचे पाणी ओसरलेले असे. सारा भार बैलावर आणि गाडीवानावर.

म्हणूनच रानात सत्ता कोणाची, याचे उत्तर येथे वाटेवर सापडते. डोंगरातील भिल्ल नाईक झाड विकण्यापेक्षा वाट विकत. बाहेरचा व्यापारी गाड्या घेऊन आला की त्याने गाडीमागे ठरलेला कर द्यायचा. इंग्रजी कागदपत्रांत याला अनेकदा लुटीसारखे रंगवले आहे. जकातनाक्यावरचा कर राज्याचा आणि घाटातील कर मात्र लुटारूचा, हा भेद मान्य करण्याचे कारण नाही.

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला. १८२५ मध्ये जेम्स आउट्रमने धरणगावी भिल्ल पलटण उभारली. इकडे मुंबईच्या गोदीला सागाची भूक होती. १८१७ मध्ये तेथेच बांधलेली 'ट्रिंकोमाली' मलबारी सागाची होती, आणि ती आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाण्यावर उभी आहे. मलबारचा चांगला साग विरळ होत गेला तशी नजर डांगकडे वळली. १८४२ मध्ये डांगच्या भिल्ल राजांकडून जंगल भाडेपट्ट्याने घेण्यात आले. त्या काळी डांगवर देखरेख खानदेशातून होत असे. पट्ट्याच्या बदल्यात राजांना वार्षिक रक्कम मिळू लागली, आणि गाडी अडवून कर घेण्याचा हक्क गेला.

मग रेल्वे आली. १८६५ मध्ये थळ घाट खुला झाला आणि मुंबईहून खानदेशाकडे येणारा लोहमार्ग सलग झाला. एका मैलाला अठराशे ते दोन हजार स्लीपर लागत, आणि लाकडाचे स्लीपर काही वर्षांत बदलावे लागत. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलांची चौकट घट्ट केली. ज्या रानातून भिल्ल आपल्या घरासाठी खांब आणी, तेथे परवाना आणि शिपाई आले. १९०० च्या सुमारास ताप्ती व्हॅली रेल्वे नंदुरबार-अमळनेरमार्गे जळगावला पोहोचली आणि पारोळ्याजवळून लाकूड आगगाडीने जाऊ लागले. १९१३ मध्ये बडोदे संस्थानाने बिलिमोऱ्याहून वघईकडे अरुंद रुळांची गाडी सुरू केली, ती मुख्यतः डांगच्या सागासाठी. दुसऱ्याच वर्षी डांगमध्ये भिल्लांचा उठाव झाला.

रूळ मात्र कधीच झाडाच्या बुंध्यापर्यंत गेले नाहीत. तेथून स्थानकापर्यंत बैलच होते, आणि ते हाकणारी माणसे ठेकेदाराच्या हिशेबात सर्वांत खाली. १९४७ पासून बाळासाहेब खेर यांच्या सरकारने मुंबई राज्यात जंगल कामगारांच्या सहकारी सोसायट्या उभ्या करायला सुरुवात केली. ठेकेदाराला बाजूला सारून तोड आणि वाहतूक रानातल्याच माणसांकडे द्यावी, हा त्यामागचा हेतू. ट्रक त्यानंतर आले.

१८४२ च्या त्या व्यवहाराचा एक धागा अजून तुटलेला नाही. डांगच्या पाच राजांच्या वारसांना दरवर्षी होळीच्या आधी आहवा येथील दरबारात सालियाना दिला जातो. सध्या तो गुजरात सरकार देते. दरबार भरतो तेव्हा डोंगरातल्या वाटा कडक कोरड्या असतात.