पेशींचे वार्धक्य आणि ‘अँटी-एजिंग’ क्रीम

उरवडे (ता. मुळशी, जि. पुणे) परिसरात भातखाचरात दिवसभर राबणाऱ्या व्यक्तीच्या दंडाची आतली त्वचा आणि मनगटाची वरची त्वचा शेजारी ठेवून पाहा. वय एकच, तरी फरक दिसतो. हा फरक मुख्यतः उन्हाचा असतो.

पेशी म्हाताऱ्या कशा होतात?
माणसाच्या सामान्य पेशी प्रयोगशाळेत साधारण ४० ते ६० वेळा विभागून थांबतात, हे लिओनार्ड हेफ्लिक यांनी १९६१ मध्ये दाखवले. प्रत्येक विभाजनात गुणसूत्रांची टोके (टेलोमिअर) आखूड होतात. याशिवाय उन्हातील अतिनील किरणांमुळे डीएनए बिघडतो आणि त्वचा घट्ट ठेवणारे कोलॅजन तुटते. मग सुरकुत्या व डाग पडतात.

कशाचा उपयोग होतो?
• टोपी किंवा पदर, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि एसपीएफ ३० किंवा अधिकचे सनस्क्रीन. उन्हात असताना ते दर दोन तासांनी पुन्हा लावा.
• ट्रेटिनॉइन क्रीमने बारीक सुरकुत्या कमी होतात. मात्र ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच वापरा. गरोदरपणात टाळा.
• तंबाखू, विडी, सिगारेट बंद करा.

‘टेलोमिअर लांबवणाऱ्या’ महागड्या क्रीमने त्वचा तरुण होते, याचा भक्कम पुरावा नाही. गोरेपणासाठी स्टेरॉइडयुक्त क्रीम मनाने लावू नका. त्वचा पातळ होते.

डॉक्टरांना कधी दाखवावे?
महिनाभरात न भरणारी जखम, आकार वा रंग बदलणारा किंवा रक्त येणारा तीळ असेल, तर क्रीम लावत बसू नका. त्वचारोगतज्ज्ञांना लगेच दाखवा.