एकाच गोळीची अनेक नावं

भारतातून परतताना आपल्या बॅगेत काय काय येतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, आणि कोपऱ्यात एका प्लॅस्टिकच्या पिशवीत क्रोसिनच्या चार पट्ट्या. त्या पट्ट्या कपाटात जिथे जातात तिथे शेजारीच टायलेनॉलची मोठी बाटली उभी असते. दोन्हींत औषध एकच. लंडनला असाल तर त्याला पॅरासिटामॉल म्हणतात, दुबई-मस्कतला दुकानदार पॅनाडॉल काढून देतो, आणि अमेरिकेत त्याचं नाव अ‍ॅसिटॅमिनोफेन. मूळ रासायनिक नाव पॅरा-अ‍ॅसिटिल-अ‍ॅमिनो-फिनॉल असं लांबलचक. त्याचे वेगवेगळे तुकडे उचलून इंग्रजांनी एक नाव केलं, अमेरिकनांनी दुसरं, आणि टायलेनॉल हा ब्रँडसुद्धा त्याच अक्षरांतून निघाला.

ही नावं लक्षात ठेवा, पुढे लागतील. कारण ही गोळी यकृताला काय करू शकते हे वैद्यकाला 1966 पासून माहीत आहे, आणि तरीही ती माहिती डब्याच्या वेष्टनापर्यंत पोचायला जो वेळ लागला तो चकित करणारा आहे.

सुरुवात एका चुकीच्या पुडीपासून झाली. 1886 साली स्ट्रासबुर्गमध्ये (तेव्हा ते जर्मन साम्राज्यात होतं) आर्नोल्ड कान आणि पाउल हेप हे दोन तरुण डॉक्टर जंतांच्या रुग्णाला नॅफ्थलीन देऊन पाहत होते. म्हणजे आपल्या डांबराच्या गोळ्यांमधला पदार्थ. त्या काळी पोटात काय काय घालत असत! जंतांवर उपयोग काही दिसेना, पण रुग्णाचा ताप मात्र उतरला. चौकशी केल्यावर कळलं की पुडीत नॅफ्थलीन नव्हतंच, अ‍ॅसिटॅनिलाइड नावाचा भलताच पदार्थ आला होता. तो लगेच 'अँटिफेब्रिन' नावाने बाजारात आला आणि भरपूर खपला. अडचण एवढीच की तो घेणाऱ्यांचे ओठ निळे पडत. रक्तातल्या हिमोग्लोबिनचं रूप बदलून त्याची प्राणवायू वाहण्याची ताकद जात असे.

म्हणून त्याची भावंडं तपासली गेली. त्यांतलं फिनॅसेटिन यशस्वी ठरलं आणि पुढे अनेक दशकं डोकेदुखीच्या पुड्यांत राहिलं, मूत्रपिंडांचं नुकसान ध्यानात येईपर्यंत. दुसरं भावंड पॅरासिटामॉल. 1893 मध्ये योजेफ फॉन मेरिंगने ते रुग्णांना देऊन पाहिलं आणि यानेही रक्ताला तोच त्रास होतो असा निष्कर्ष काढला. त्याच्याकडचा नमुना शुद्ध नसावा असा आज तर्क केला जातो. काही का असेना, त्याच्या शब्दावर एक चांगलं औषध जवळजवळ पन्नास वर्षं फळीवर पडून राहिलं.

ते खाली काढलं न्यूयॉर्कमध्ये. बर्नार्ड ब्रोडी आणि ज्युलियस अ‍ॅक्सेलरॉड हे दोघे अ‍ॅसिटॅनिलाइडने रक्त का बिघडतं याचा शोध घेत होते. अ‍ॅक्सेलरॉडकडे तेव्हा डॉक्टरेटही नव्हती; ती त्याला 1955 मध्ये मिळाली आणि 1970 मध्ये, वेगळ्या संशोधनासाठी, नोबेल. 1948 मध्ये या दोघांनी दाखवून दिलं की अ‍ॅसिटॅनिलाइड शरीरात गेल्यावर त्याचं बहुतेक पॅरासिटामॉल होतं. दुखणं थांबवणारं तेच, आणि रक्त बिघडवणारा पदार्थ वेगळ्या वाटेने तयार होतो. मग सरळ पॅरासिटामॉलच का देऊ नये, हा पुढचा प्रश्न. ब्रोडीचं नाव विसरू नका, तो पुन्हा येणार आहे.

1955 मध्ये मॅकनील कंपनीने अमेरिकेत मुलांसाठी टायलेनॉलचं पातळ औषध आणलं, तेही लाल अग्निशमन बंबाच्या आकाराच्या खोक्यात. पुढच्या वर्षी ब्रिटनमध्ये पॅनाडॉल आलं. अ‍ॅस्पिरिनने पोटात जळजळ होते, रक्तस्राव होतो, ते यात नव्हतं. 1980 च्या सुमारास तापात अ‍ॅस्पिरिन घेतलेल्या मुलांना होणाऱ्या राय सिंड्रोमची धास्ती पसरल्यावर तर बालरोगतज्ज्ञांना दुसरा पर्यायच उरला नाही. 'निर्धोक गोळी' ही ख्याती अशी तयार झाली, आणि योग्य मात्रेपुरती ती खरीही आहे, हे स्पष्ट सांगायला हवं. घरातल्या पट्ट्या फेकून द्या असं सांगण्यासाठी मी हे लिहीत नाही.

पण 1966 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'च्या एकाच अंकात स्कॉटलंडच्या डॉक्टरांचे दोन लेख आले. डेव्हिडसन आणि ईस्टहॅम यांनी जास्त मात्रेनंतर दगावलेल्या दोन रुग्णांची हकिगत दिली होती. दोघांच्याही यकृतातल्या पेशी मोठ्या प्रमाणावर मेल्या होत्या. दुसरा लेख थॉमसन आणि लॉरी प्रेस्कॉट यांचा, त्याच आजाराचा. त्याच साली कॅनडात बॉइड आणि बेरेट्स्की यांना उंदरांमध्ये हेच दिसलं.

या विषबाधेची खोड अशी की पहिल्या दिवशी ती दिसतच नाही. थोडी मळमळ होते, उलटी होते. दुसऱ्या दिवशी रुग्णाला बरंच वाटू लागतं, घरचे निःश्वास टाकतात. तोवर आत यकृताच्या पेशी मरत असतात, आणि कावीळ, गुंगी, रक्त न गोठणं हे सगळं तिसऱ्या-चौथ्या दिवशी समोर येतं. तेव्हा फारसं काही करता येत नाही.

असं का होतं याचं उत्तर वॉशिंग्टनजवळच्या बेथेस्डामध्ये, राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या प्रयोगशाळेत मिळालं. 1973 मध्ये जेरी मिचेल, डेव्हिड जोलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओळीने चार शोधनिबंध छापले. लेखकांच्या यादीत एक नाव बर्नार्ड ब्रोडीचं होतं. पंचवीस वर्षांपूर्वी ज्याने हे औषध पुन्हा उजेडात आणलं, तोच आता ते यकृत कसं मारतं हे सांगणाऱ्यांत होता. औषधांच्या इतिहासात असा योग क्वचितच येतो.

त्यांनी काय पाहिलं? पॅरासिटामॉलचा मोठा भाग यकृत निरुपद्रवी करून लघवीवाटे बाहेर टाकतं. थोडासा भाग मात्र एका वेगळ्या वाटेने जातो आणि त्यातून अतिशय तिखट, जवळच्या प्रथिनांना जाऊन चिकटणारा पदार्थ तयार होतो. यकृतात ग्लुटाथायोन नावाचा साठा असतो, तो या पदार्थाला वेळीच पकडतो. दोन गोळ्यांनी या साठ्याला काही होत नाही. मात्रा फार वाढली की साठा रिकामा होत जातो, आणि सुमारे 70 टक्के संपल्यावर तो विषारी पदार्थ थेट पेशींवर तुटून पडतो. उंदरांचं ग्लुटाथायोन आधीच कमी केलं तर कमी औषधातही यकृत गेलं. त्याचा कच्चा माल पुरवला तर यकृत वाचलं.

इथे थोडं थांबू या. हा साठा जेवणातून भरतो. तापात तोंडाला चव नसते, माणूस दोन-दोन दिवस नुसत्या चहावर किंवा पेजेवर काढतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत गोळ्या जास्त घेतो. 1994 मध्ये अमेरिकेत व्हिटकोम आणि ब्लॉक यांनी उपाशीपोटी असण्याचा आणि या यकृतविकाराचा संबंध रुग्णांमध्ये दाखवला. रोजच्या मद्यपानाचा धोका तर आधीपासून माहीत होता.

बेथेस्डाच्या शोधातूनच उताऱ्याची कल्पना निघाली. बाहेरून ग्लुटाथायोनची भरपाई करायची. एडिनबरामध्ये प्रेस्कॉट यांनी 1974 मध्ये सिस्टिअमिन वापरून रुग्ण वाचवले, पण त्याने ओकाऱ्या इतक्या होत की रुग्ण हैराण. मग त्यांनी एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन घेतलं. ते मुळात छातीतला कफ पातळ करण्यासाठी वापरलं जाणारं औषध. 1977 मध्ये त्याचे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये आले, आणि 1979 मध्ये पुढचे. गोळ्या घेतल्यापासून साधारण आठ तासांच्या आत शिरेतून दिलं तर यकृत जवळजवळ नक्की वाचतं. म्हणूनच शंका आली की बरं वाटतंय का याची वाट न पाहता इस्पितळ गाठायचं असतं. अमेरिकेत डेन्व्हरच्या बॅरी रुमॅक यांनी हाच उतारा तोंडाने द्यायची पद्धत रुजवली. त्याला सडलेल्या अंड्यांचा वास येतो, आणि तो तीन दिवस दर चार तासांनी घ्यायचा. शिरेतून द्यायला तिथे परवानगी मिळाली ती 2004 मध्ये.

म्हणजे 1977 पर्यंत आजार माहीत, कारण माहीत, उतारा माहीत. त्याच 1977 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या समितीने शिफारस केली की मात्रा ओलांडल्यास यकृताचं गंभीर नुकसान होऊ शकतं असा इशारा डब्यावर छापावा. तो सक्तीचा करणारा अंतिम नियम 2009 मध्ये आला. बत्तीस वर्षं! मुदती, हरकती, फेरविचार. सरकारी फाइल फक्त मुंबईच्या मंत्रालयातच रेंगाळते असं तुम्हाला वाटत असेल, तर हे उदाहरण जवळ ठेवा.

ब्रिटनने वेगळी वाट धरली. तिथे प्रश्न प्रामुख्याने स्वतःहून केलेल्या विषबाधेचा होता. सप्टेंबर 1998 पासून एका पाकिटातल्या गोळ्यांची संख्या मर्यादित केली गेली. ऑक्सफर्डच्या कीथ हॉटन यांच्या गटाने 2013 मध्ये छापलेल्या अभ्यासानुसार पुढच्या अकरा वर्षांत इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा मृत्यूंत अंदाजे 43 टक्के घट झाली.

अमेरिकेतलं चित्र निराळं होतं, आणि आपल्या नावांचा प्रश्न तिथेच येतो. 2005 मध्ये डॅलसच्या विल्यम ली यांच्या पुढाकाराने चाललेल्या अभ्यासगटाने यकृत अचानक निकामी झालेले 662 रुग्ण पाहिले. त्यांतले 275, म्हणजे 42 टक्के, या एका औषधामुळे आलेले. त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांनी गोळ्या नकळत जास्त घेतल्या होत्या, दुखणं थांबावं एवढ्याच हेतूने. आणि या नकळत घेणाऱ्यांपैकी 38 टक्के लोक हेच औषध असलेल्या दोन किंवा अधिक वस्तू एकदम घेत होते. दाताच्या डॉक्टरने दिलेली वायकोडिन, वर सर्दीसाठी नायक्विल, डोकं दुखतंय म्हणून टायलेनॉल. तिन्हींत तेच. औषधविक्रेत्याच्या चिठ्ठीवर तर ते कित्येकदा 'एपीएपी' एवढ्या चार अक्षरांत उरकलेलं असे. 2011 मध्ये प्रशासनाने अशा मिश्र गोळ्यांत त्याचं प्रमाण 325 मिलिग्रॅमवर आणायला सांगितलं, आणि त्यासाठी कंपन्यांना तीन वर्षं दिली.

आता सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा डोळ्यांसमोर आणा. गुडघ्यासाठी ते घरून कॉम्बिफ्लॅम घेऊन आलेत, डोकेदुखीला सॅरिडॉन आहे, तापाला डोलो 650. पहिल्या थंडीत खोकला झाला की आपण त्यांना डेक्विल देतो. या चारही नावांत 'पॅरासिटामॉल' किंवा 'अ‍ॅसिटॅमिनोफेन' यांतलं एक अक्षर ऐकू येत नाही, आणि भारतीय पट्टीवरचा शब्द अमेरिकन बाटलीवरच्या शब्दाशी जुळत नाही. बाबांनी चष्मा लावून दोन्ही लेबलं वाचली तरी त्यांना ती दोन वेगळी औषधंच वाटतील.

दिवसाला चार ग्रॅम ही निरोगी प्रौढांसाठीची जुनी मर्यादा. 2006 मध्ये 'जामा'त आलेल्या एका प्रयोगात धडधाकट माणसांना दोन आठवडे रोज चार ग्रॅम दिलं, तर गटागटानुसार 31 ते 44 टक्के लोकांच्या रक्तात यकृताच्या त्रासाची खूण असलेलं एएलटी तिपटीहून वर गेलं. आजारी कुणी पडलं नाही, पण 2011 मध्ये कंपनीने आपल्या एक्स्ट्रा स्ट्रेंग्थ टायलेनॉलवरची रोजची मर्यादा स्वतःच तीन ग्रॅमवर आणली. वजनाने कमी, वयस्क, कमी जेवणाऱ्या किंवा आधीच यकृताचा त्रास असलेल्या माणसासाठी किती, हे त्यांच्या डॉक्टरलाच विचारायचं. विचारायला जाताना घरातल्या सगळ्या पट्ट्या आणि बाटल्या एका पिशवीत घालून न्या, भारतातून आलेल्यासुद्धा.